भाग्यलक्ष्मी अक्कांचा अठराचा नियम

शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे भाग्यलक्ष्मी अक्कांचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांनी सांभाळलं. रेडिओ संपले, तसे गेम ठेवले. वय पासष्ट, इंग्रजी बेताचंच, पण डबीवरचा वयाचा आकडा त्यांना लांबूनही दिसतो. आकडा अठरा असेल आणि गेम मुलासाठी हवा असेल, तर आधी आईबापाने दुकानातल्या स्टुलावर बसून तो दहा मिनिटं खेळायचा. मग घरी फोन लावायचा आणि आपण काय काय केलं ते घरच्या भाषेत सांगायचं. इंग्रजी चालत नाही. या बाईचं दुकान चालतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मूळचा पुण्याचा, पण हे शिवाजीनगर तिथलं नव्हे, कानडी मुलखातलं. नोकरी महादेवपुऱ्यात, घर बेळ्ळंदूरला. त्या दिवशी ध्रुवचा अकरावा वाढदिवस होता. मागच्या दोन्ही वाढदिवसांना मी ऑफिसच्या कॉलवर होतो, त्यामुळे या वेळी त्याने मागितलेला गेम नेला नाही, तर घरात तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्या गेमच्या डबीवर अठरा होतं. अक्कांनी नियम सांगितला आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, वेबसाइटवर 'मी अठरा वर्षांचा आहे' असं पान येतं ना, आमच्या कंपनीत ते मीच तपासतो. कुणी वाचत नाही ते!"

"म्हणून तर. स्वल्प, थोडंसं बसा, अण्णा," म्हणत अक्कांनी स्टूल पुढे सरकवलं.

पहिली दोन मिनिटं मी नाक मुरडून खेळलो. मग रंगात आलो. दहाची पंचवीस मिनिटं झाली. शेवटी अक्कांनी वायर काढली, तेव्हा मी चक्क त्यांच्यावर खेकसलो.

"सरी, ठीक आहे. आता फोन."

बायकोचा नंबर लावला. अक्कांनी स्पीकर चालू केला.

"मुग्धा, ऐक. मी आत्ता एका शहाळेवाल्याला गाडीखाली चिरडलं. त्याच्या खिशातले पैसे काढले. मग एक म्हातारा आडवा आला, त्याला हातोडीने..."

माझा आवाज आपोआप खाली गेला. इंग्रजीत या सगळ्याला 'मिशन' म्हणतात. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्यापासून जरा लांब सरकली.

"बाबा?" फोनवर ध्रुव होता. "आई केक आणायला गेलीय, फोन घरीच विसरलीय. मग? म्हाताऱ्याचं काय केलंस?"

त्याच्या आवाजात नुसती उत्सुकता होती.

"सांगा की," अक्का म्हणाल्या. "खेळणार तोच ना?"

नाही सांगता आलं. लाज वाटली मला, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

"ध्रुव, तो गेम नाही आणत मी. तुझ्या वयाचा नाहीये."

"पण तू प्रॉमिस केलं होतंस!" तो रडकुंडीला आला.

अक्कांनी गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम काउंटरवर ठेवला.

"रेसचा आणतोय," मी घाईने म्हणालो. "आणि दोन कंट्रोलर."

"दुसरा कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

ध्रुवने विचारलं, "पण तुला कॉल असतो ना?"

होता. संध्याकाळी सातचा. मी तिथेच, स्टुलावर बसून, ऑफिसला फोन करून तो रद्द केला. तेवढं इंग्रजी अक्कांनी चालवून घेतलं.