खलास म्हणायला झालेला उशीर

काल दुपारी इथे ओमानात, वादी अदाईत घराखाली गाडी लावत होतो, तेवढ्यात इंग्लंडहून मार्गारेट मॅडमचा मेसेज आला. पीटर सर गेले... एसी चालू ठेवून मी तसाच गाडीत बसून राहिलो.

सर रुवीच्या ऑफिसात माझे बॉस. त्यांना एकच वेड... घंटा! तिकडे चर्चच्या मनोऱ्यात वाजवतात तशा. इथे मनोरा कुठला? म्हणून अल अमेरातच्या त्यांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी सर, त्यांच्या पत्नी मार्गारेट मॅडम आणि मी बसायचो, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक छोटी घंटा घेऊन.

यात गाणं नसतं. सहा घंटा एकामागून एक वाजतात आणि दर फेरीला त्यांचा क्रम बदलतो, सगळं तोंडपाठ. मधेच सर 'बॉब!' म्हणून ओरडायचे, की क्रम वेगळंच वळण घ्यायचा. बॉब नेमक्या जागी पडले तर शेवटी घंटा पहिल्या क्रमावर परत येतात. मग सर 'खलास' म्हणेपर्यंत त्याच क्रमाने वाजवत राहायचं, आपल्या मनाने थांबायचं नाही. खरा शब्द 'स्टँड' आहे म्हणे, पण पंचवीस वर्षं ओमानात काढलेला माणूस तो, इथलं अरबी 'खलास'च तोंडात बसलेलं! आणि कुणी चुकलं की नंतर हमखास सुनावायचे.

मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि सरांचा आवाजच गेला. दोघांनी कायमचं परत जायचं ठरवलं. शेवटच्या शुक्रवारी सरांनी वहीत लिहून दाखवलं... 'आज तू कॉल कर.'

म्हणजे बॉब आणि खलास मी ओरडायचं! माझी पाचावर धारण बसली. दोन बॉब नीट दिले, तिसऱ्याला बावचळलो... समोर सरांचे ओठ हलले. आवाज नाही, पण मला कळलं. मी ओरडलो आणि थोड्या वेळाने घंटा सुखरूप पहिल्या क्रमावर आल्या.

आता फक्त 'खलास' म्हणायचं होतं. तोंडून शब्द फुटेना... म्हटलं की संपलंच ना सगळं. बांधलेल्या खोक्यांच्या मधे आम्ही तिघं वाजवतच राहिलो. मॅडम रडत होत्या, सरांना धाप लागली होती, तरी दोघांपैकी कुणी थांबलं नाही. शेवटी कसाबसा म्हणालो.

आजारी माणसाला उगाच दमवलं, ही बोचणी तेव्हापासून मनात होती.

कालच्या मेसेजखाली एक फोटो होता. त्या शेवटच्या शुक्रवारी, मी निघाल्यावर सरांनी वहीत लिहिलेलं पान... 'तिसरा बॉब किंचित उशिरा. खलास फारच उशिरा. थँक यू.'

सर, थँक यू मी म्हणायला हवं होतं... ते राहूनच गेलं.