मास्तरांची दुसरी फ्लॉपी

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मागाच्या पोटात हात घालून बसलो होतो. हात तेलाचे, म्हणून सुनेनं फोन कानाला लावला. पलीकडून वहिनी एवढंच बोलल्या, "बाबूभाऊ, या..." महिना होत आला त्याला.

वसंत मास्तर गणिताचे, आणि मी चौथी नापास, पावरलूमचा मिस्त्री. पण मशीनच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, मास्तरांचंही ऐकलं नाही. फार वर्षांपूर्वी त्यांनी इंदूरहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. धूलकोट, देडतलाईच्या बाजारात कानावर पडलेले आपल्या बोलीतले शब्द ते त्यात इंग्रजी अक्षरांनी लिहून ठेवत. मग एका दसऱ्याला तो बंद पडला तो पडलाच. गेल्या वर्षी डोळे अधू व्हायला लागले तेव्हा म्हणाले, "बाबू, दिसतंय तोवर एकदा वाचू दे रे."

त्या मशीनला स्वतःची अक्कल नव्हती. आधी एक ठरलेली फ्लॉपी, म्हणजे चौकोनी पाकिटातली काळी तबकडी, त्याला वाचावी लागे, मगच ते जागं होई. मास्तर त्याला 'बूट होणं' म्हणत. आता नुसती घरघर, लाल दिवा आणि कोरा पडदा. खोललं तर तबकडी फिरवणारा पट्टा सैल. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून बसवला. तबकडी झकास फिरली, पडदा मात्र कोराच.

मास्तरांनी पेटीतून दुसरी फ्लॉपी काढली. "ही तिची नक्कल, शब्दही हिच्यातच. एवढीच उरलीय." मी तेव्हा बॅटरी मारून आत बघत होतो. तबकडी वाचणाऱ्या डोक्यावर लाल किटण दिसलं... कुंकू. खंडेनवमीला आम्ही मागाची पूजा करतो. त्या वर्षी मास्तरांकडे जाऊन त्यांच्या मशीनलाही मीच हळदकुंकू वाहिलं होतं. मुख्य फ्लॉपीच्या पाकिटाला जिथं खाच असते, आतली तबकडी उघडी दिसते, तेच तिचं कपाळ समजून ओला टिळा लावला होता.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण नक्कल तोंडाशी आली होती. आत गेली असती तर तीही खरवडली असती.

"मास्तर, रुको! आत कुंकू आहे. मीच लावलेलं."

त्यांनी फ्लॉपी मागे घेतली. "तबकडीला?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं त्या इंदूरवाल्याला शिव्या देतोय!" मग हसता हसता त्यांना ठसकाच लागला. "नशीब बाबू, नारळ नाही फोडलास!"

स्पिरिटच्या बोळ्यानं मशीनचं डोकं पुसलं. दुसरी फ्लॉपी घातली. घरघर... आणि पडद्यावर अक्षरं आली. मास्तर पडद्याला नाक लावून वाचायचे आणि मी म्हणायचो, "असं नाही म्हणत मास्तर, चुकलं तुमचं." अख्खा हिवाळा असा गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मशीन चालू केलं. शब्दांच्या यादीच्या शेवटी नुसतं शीर्षक होतं, 'मागावरचे शब्द', आणि खाली, 'बाबूला विचारायचे.' विचारायचं राहूनच गेलं त्यांचं.

आता दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसतो. वहिनी एका बोटानं अक्षरं शोधतात. काल 'धोटा' झाला. वहिनी म्हणाल्या, "बाबूभाऊ, अर्थ आटोपता सांगा." मी म्हटलं, "धोटा आटोपता नसतो, आडवा धागा इकडून तिकडे नेत तो अख्खं कापड विणतो." घेतलं त्यांनी लिहून सगळं. आज धोट्यातली धाग्याची 'कांडी' घ्यायची आहे.