टेबलावर पडलेली सम

एकोणनव्वद साली चिपळूणहून एसटीत बसलो तेव्हा मांडीवर जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. खिडकीखालून माझे वडील, अण्णा, ओरडले, "शिमग्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सरळ परत ये. लाजू नकोस!" लाज मला नव्हतीच. म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

मुंबईजवळ नवघरला पाटीलकाकांच्या चाळीत खोली घेतली आणि मीरा रोडच्या एका इंग्रजी क्लासला मास्तरकीसाठी अर्ज ठोकला. छाप पाडायला त्यात 'सेस्क्विपिडेलियन' घुसडला. अर्थ काय, तर लांबलचक शब्दांचा शौकीन. डिक्शनरीत पाहिलेला, कुणाच्या तोंडून कधीच न ऐकलेला. मुलाखतीचं बोलावणं आलं, खाली टीप: स्वतःचा अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा. मेलो!

घोकायला बसलो, पाढे म्हणावेत तसा सपाट. काका भजनात मृदंग वाजवायचे. इंग्रजीशी त्यांचा संबंध शून्य. दारातूनच म्हणाले, "काय रं, ईटा रचतंस काय? सम कुठं हाय याची?"

डिक्शनरी उघडली. शब्दाचे सहा तुकडे पाडलेले, आणि चौथ्याच्या, म्हणजे 'डे'च्या डोक्याशी एक बारीक रेघ. असल्या रेघा माशीची घाण समजून मी वर्षभर नखाने खरवडत होतो!

"तीच सम," काका म्हणाले. "जोर तिथं. बाकीचे नुसते सरकव." दोन संध्याकाळी मृदंगावर तालीम झाली. सेस-क्वि-पि-डे-लि-अन! शब्द पळू लागला, त्याच्यामागे मीही.

मुलाखतीत 'डे' आला आणि माझा तळवा थाडकन टेबलावर. मॅडमचा चहा मॅडमच्या साडीवर.

"सॉरी मॅडम," मी म्हणालो, "सम होती."

तेवढ्यात पार्टिशनपलीकडच्या पोरांनी बाकं बडवत तोच शब्द म्हटला. जोर नेमका 'डे'वर! मॅडम साडी पुसायच्या थांबल्या. "जोर कुठे द्यायचा ते यांना महिनाभर समजावतेय. सोमवारपासून या. टेबल मात्र मिळणार नाही."

शिमग्याला मी गावी गेलोच नाही; मे महिन्यात गेलो, आणि आईला पाटीलकाकांच्या मृदंगाचे किस्से ऐकवत बसलो. चौथ्या दिवशी सहज बोलून गेलो, "आई, उद्या घरी निघतो."

फणस कापता कापता आई थांबली. "आणि हे काय मग, धर्मशाळा?"

तुम्ही गाव सोडलेले असाल तर ओळखाल, तिथे माझी सगळी डिक्शनरी बंद पडली. "हेही घरच," मी पुटपुटलो.

ती पुन्हा फणस कापू लागली. निघताना मात्र दोन पुड्या हातात दिल्या. एक माझी. दुसरीत निवडक गरे. "तुझ्या तिकडच्या घरच्यांना दे," म्हणाली.