सव्वीस जानेवारीचा सिनेमा आणि माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ फौजेत ड्रायव्हर आहे. हे मी कुणाला सांगितलं की ‘फौजेत’ ऐकून समोरच्याचा चेहरा फुलतो आणि ‘ड्रायव्हर’ ऐकून पडतो. लोकांना त्याच्या हातात बंदूक हवी असते, तीही त्यांनी सिनेमात पाहिलेली. याचा मला राग येतो. पूर्वी कमी यायचा. गेल्या सव्वीस जानेवारीपासून फार येतो. त्या दिवशी काय झालं ते सांगते.

सिनेमाचं वेड आम्हालाही होतंच, ते आधी कबूल करायला हवं. मिरजगावात हायवेला लागून आमच्या वडिलांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. ट्रकवाले थांबावेत म्हणून त्यांनी तिथं टीव्ही आणि सीडी प्लेअर लावला होता, आणि ट्रकवाल्यांना आवडायचे म्हणून युद्धाचे सिनेमे. शाळा सुटली की मी कपबश्या विसळायची, भाऊ टेबलं पुसायचा, आणि दोघांच्या माना टीव्हीकडे. त्यामुळं एकही सिनेमा आम्ही सलग पाहिला नाही. सुरुवात एका दिवशी, शेवट दुसऱ्या आठवड्यात, आणि मधला भाग भज्यांच्या ऑर्डरीत गेलेला.

एक सिनेमा मात्र आम्ही हट्टानं पुन्हा पुन्हा लावायचो. काळापांढरा, परदेशी, आवाज हिंदीत चिकटवलेला. उघड्या डोंगरावर एक चौकी, तिथली मूठभर माणसं, आणि खालून खेचरावर येणारं पाणी. ते पाणी आलेलं नाही, एवढीच गोष्ट. एक जण उरलेल्या चहात ब्रश बुडवून दाढी करतो. दुसरा रिकामी बाटली कानाला लावून हलवतो. तोफा लांब कुठंतरी वाजत असतात, शत्रू एकदाही दिसत नाही. ट्रकवाले वैतागायचे. “बदल की, ह्यात कायच व्हईना,” म्हणायचे. मला तो सिनेमा आजही फ्रेमसकट आठवतो, आणि का आठवतो ते मला ठाऊक आहे. त्यात कुणी भाषण करत नाही. माणसं वाट बघतात, खाजवतात, एकमेकांवर चिडतात, एका सिगारेटवरून भांडतात. शेवटी खेचर येतं, पाणी येतं, पण खेचरवाला येत नाही. कुणी त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पाणी पितात. ते पिणं बघताना माझा घसा कोरडा पडायचा.

गिऱ्हाइकांचा आवडता सिनेमा वेगळा होता. रंगीत, दणदणीत. त्यातला मेजर फुटलेल्या बंकरवर चढून मातीबद्दल आणि आईच्या दुधाबद्दल लांबलचक डायलॉग मारायचा. सगळं हॉटेल त्याच्याबरोबर बोलायचं. भाऊही बोलायचा, झाडू बंदुकीसारखा धरून. तो मरायचाही छान. बटाट्याच्या पोत्यांवर असा काही कोसळायचा की ट्रकवाले टाळ्या वाजवायचे. आई कढईपाशी उभी राहून एकच प्रश्न विचारायची, “ह्या येवढ्या मान्सांना जेवाय कोन घालतंय रं? कवाच दावत न्हाईत.” आम्ही हसायचो.

पुढं वडील गेले, हॉटेल बंद झालं, भाऊ भरती झाला, आणि मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागले. नगरमध्ये एका कॉलनीत फ्लॅट घेतला, आईला घेऊन आले. सामान चढवत असताना सोसायटीचे अध्यक्ष जिन्यात भेटले. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ऐकू आलं नसल्यासारखं त्यांनी पुन्हा विचारलं. मग दारातून आत डोकावून, समोरच्या भिंतीवर लावलेला बाबासाहेबांचा फोटो बघून, “असं होय,” म्हणाले आणि खाली उतरले. त्यानंतर त्यांच्या घरचं कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. जिन्यात समोर आले तर मोबाईल बघायचे.

या जानेवारीत भाऊ सुट्टीवर आला. त्याला युनिफॉर्ममध्ये उतरताना कुणीतरी पाहिलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष दारात हजर. चेहरा हसरा, हात जोडलेले. “कुठंय आपला जवान?” आपला! सोसायटीच्या हॉलमध्ये सव्वीस जानेवारीला दुपारी पडद्यावर देशभक्तीचा सिनेमा दाखवणार, मध्यंतरात जवानाचा सत्कार करणार, असं त्यांनी सांगितलं. आईनं चहा आणला. “आत्ताच घेतला हो,” म्हणून त्यांनी कपाला हात लावला नाही. ते गेल्यावर आई तो कप मोरीत ओतून आली. 

भावाला जायचं नव्हतं. “मला झोपू द्या राव,” म्हणत होता. पण आईलाच त्याचा सत्कार बघायचा होता. “माज्यासाटी चल,” म्हणाली. मग तो निघाला.

हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. पोरंटोरं, बायका, म्हातारी माणसं, सगळी कॉलनी जमलेली. सिनेमा सुरू झाला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तोच, मातीवाला मेजर. भाऊ गालातल्या गालात हसला. त्याला बरं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते. बंकरच्या प्रसंगाला त्याचे ओठसुद्धा हलत होते.

मध्यंतराला दिवे लागले. त्याला पुढं बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला. अध्यक्षांनी माइक घेतला. “हा आपल्या कॉलनीचा सुपुत्र!” टाळ्या. तिथं संपायला हवं होतं. पण पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “डायलॉग म्हणा, डायलॉग!” आणि सगळा हॉल ते धरून बसला. मोबाईल वर आले.

भाऊ माइकजवळ वाकून म्हणाला, “मी गाडी चालवतो साहेब. रेशन न्हेतो वर.”

लोक हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? एक गृहस्थ उभे राहिले, चांगले शिकलेले. “असू दे, असू दे. पण एखादा तरी टिपला असेल ना? ते सांगा.” टिपला! पाखरू टिपल्यासारखं. माझ्या शेजारी बसलेल्या बाई आपल्या नातवाला म्हणाल्या, “ऐक हं आता, काका सांगतील.”

भावानं नारळ डाव्या हातात घेतला आणि तो माइकपासून मागं सरला. अध्यक्षांना वाटलं असावं की कार्यक्रम पडतोय. ते पुढं झाले. “लाजतोय आपला जवान. असं करू, डायलॉग मी म्हणतो. तुम्ही फक्त माझ्याकडे तोंड करून कडक सॅल्यूट मारा. व्हिडिओ छान येईल.” आणि त्यांनी छाती काढून मेजरचा डायलॉग सुरू केला. मातीचं वाक्य झालं, दुधाचं झालं. त्यांनी भावाकडे बघून हनुवटीनं खूण केली. भावाचा उजवा हात थोडा वर आला.

त्या हातावरून माझी नजर हटेना. ज्या माणसाला आमच्या घरचा चहा चालला नाही, त्याच्यासमोर तो हात वर येत होता. मी कधी उठले ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा माइक माझ्या हातात होता.

“अध्यक्षसाहेब, जिन्यात तुम्ही मला दोन-दोनदा आडनाव विचारलंत. ते कळल्यावर तुमच्या घरचं कुणी आमच्याकडं पाणी प्यायलं नाही. परवा माझ्या आईनं दिलेला चहा तसाच ठेवून गेलात. मग आज माझा भाऊ तुमचा सुपुत्र कसा झाला? आणि त्यानं तुम्हाला सॅल्यूट मारावा, असं तुम्ही केलंय तरी काय?”

“ताई, आजच्या दिवशी असं...” ते पुटपुटले.

“आजच्याच दिवशी! आज कशाचा दिवस आहे ते माहीत आहे ना? संविधानाचा. ते लिहिणाऱ्याचा फोटो बघून तर तुम्ही जिना उतरला होतात.”

 प्रोजेक्टरवाला इतका घाबरला की त्यानं सिनेमाच पुढं चालू केला. दिवे लागलेले, पडद्यावर फिकट रणगाडे, आणि तोफांचा धडाका. त्या धडाक्यातच आई पुढं गेली. भावाच्या खांद्यावरची शाल काढून तिनं नीट घडी घातली, टेबलावर ठेवली, शेजारी नारळ ठेवला. “चला,” म्हणाली.

घरी आल्यावर मला वाटलं, भाऊ काहीतरी चांगलं बोलेल. तो बूट काढता काढता माझ्यावरच उसळला.

“तुला कुनी सांगितलं हुतं मदी पडाय?”

“अरे, तो तुला नाचवत होता!”

“मला कळत न्हाई व्हय? मी हात खाली घेनार हुतो, ताई. अर्ध्यावर नेऊन खाली घेनार हुतो, सगळ्यांच्या म्होरं. तू घेऊ दिला न्हाईस. आता लोकांनी काय बगितलं? बहीन बोलली आन् जवान गप उभा राह्यला.”

 माझा राग गेला नाही, फक्त कुणावर काढायचा ते कळेना. आई म्हणाली, “दोगं बी गप बसा,” आणि भाकरी थापायला बसली.

जेवताना तो शांत झाला. मग आपणहून बोलायला लागला. वर त्यांच्या बराकीत हाच सिनेमा लागतो, कितीदा तरी. सगळे मिळून डायलॉग म्हणतात, मेजर भाषणाला उभा राहिला की त्याच्यावर मोजे फेकतात. “तितं म्हनाय काय वाटत न्हाई. तितं सगळ्यांना ठावं आसतं, काय खरं आन् काय खोटं. लई मज्जा येती.” आमटीत भाकरी कुस्करत त्यानं आणखी एक सांगितलं. त्याच्या पुढच्या गाडीचा ड्रायव्हर, कोल्हापूरकडचा, बर्फावरून गाडी घसरून दरीत गेला होता. गाडीत पिठाची पोती आणि रॉकेल. गोळी नाही, शत्रू नाही. “त्यो गृहस्थ म्हनला ना, येखादा तरी टिपला आसंल म्हनून. मला ह्योच आटवला. आता हे माइकवर कसं सांगू? हसलं आसतं लोक.”

आईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि उठून पाण्याचा तांब्या आणायला गेली. बराच वेळ आली नाही.

सुट्टी संपवून भाऊ गेला. तो गेल्यावर कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. अध्यक्षांचा डायलॉग कापलेला, सॅल्यूटची फर्माईश कापलेली, नुसती मी ओरडताना. खाली मजकूर: “राष्ट्रीय सणाला जवानाचा घरच्यांकडूनच अपमान.” खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. टिपल्याचं विचारणाऱ्या गृहस्थांनी ‘दुर्दैवी’ असं लिहिलं होतं.

मी सोसायटीच्या मीटिंगला गेले. अख्खा व्हिडिओ टाका नाहीतर हा काढा, एवढंच म्हणाले. अध्यक्षांनी “विषय वाढवू नका,” असं मलाच समजावलं. कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. मी खुर्ची धरून बसून राहिले, विषयपत्रिकेवरचे पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंतचे सगळे विषय संपले तरी उठले नाही. शेवटी त्यांनी कंटाळून व्हिडिओ काढला. माफी मागितली नाही. आता जिन्यात ते पुन्हा मोबाईल बघतात. मी मात्र मुद्दाम थांबते, त्यांना वाट देत नाही, आणि मोठ्यानं “नमस्कार” म्हणते. त्यांना उत्तर द्यावं लागतं. रोज द्यावं लागतं.

भावाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. मी विचारलं, “अजून रागावलायस का माझ्यावर?”

“थोडा,” तो म्हणाला. “पुडच्या येळी आदी माज्याकडं बग. मी मान हलवली तरच उट.”

“आणि नाही हलवलीस तर?”

“तर बसून ऱ्हायचं. जमंल का?”

मी जमेल म्हणाले नाही. त्यानंही जोर धरला नाही. रस्ता पंधरा दिवस बंद होता, आता उघडलाय, उद्या वर माल न्यायचाय, असं तो म्हणाला. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “जेवलास का रं?”