धारच्या बसमधली तोंडी परीक्षा

धारहून देवासला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी अकरावीतली एक मुलगी बसली होती. नाव मी विचारलं नाही, मला लाज वाटते. मोबाइलवर तिची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. मी डोकावतेय हे पाहून तिने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. अशी मोकळी पोर.

सर पडद्यावर आले आणि मी चटकन उभी राहिले. चौथीपर्यंत आम्हाला तसंच शिकवलं होतं. तिने हसत माझा पदर ओढला. "बसा काकू, सरांना तुम्ही दिसत नाही."

तिचा नंबर आला, तेव्हा मागे लग्नाच्या वऱ्हाडातल्या बायका गात होत्या आणि पुढे हॉर्न वाजत होता.

"बेटा, कुछ सुनाई नहीं दे रहा," सर म्हणाले. "एक बार और बोलो, नहीं तो ज़ीरो."

मुलीचे डोळे भरले. मी ड्रायव्हरकडे वळले आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "भिया, हॉर्न मत बजाओ, इसकी परीक्षा है."

एवढ्या मोठ्याने मी घरीसुद्धा बोलत नाही. गाणी थांबली. ड्रायव्हरने गाडीच बाजूला उभी केली. झाडं पाणी वर कसं ओढतात, ते तिने घडाघडा सांगितलं. सर "शाबाश" म्हणाले आणि वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या.

मी पदरात तोंड लपवलं. ती म्हणाली, "काकू, ऑनलाइनमध्ये वर्ग कोणी देत नाही, आपल्यालाच जमवावा लागतो. आज तुम्ही जमवलात."

देवास येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.