बापूस, झील आणि वकीलबाय

जॅनेट आल्मेडा मालवणात वकिली करते. बाजारपेठेतून जेटीकडे उतरताना दोरखंड आणि जाळी विकणारं एक दुकान लागतं, त्याच्या माडीवर तिचं ऑफिस. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. भावंडं गोव्यात आणि गल्फमध्ये पांगली. जॅनेट कोल्हापूरला लॉ करून परत आली ती इथेच राहिली. मोठे खटले तिच्याकडे येत नाहीत. जमिनीच्या हद्दी, वारसांची भांडणं, मोटारसायकलचे अपघात, नवराबायकोची तंडणं. पण गावोगावची माणसं तिचंच नाव काढतात, कारण "तिच्या पोटात ऱ्हवता." तिचा नवरा सिडनी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. अर्ध्या मालवणच्या बातम्या त्याच्याकडे येतात, पण बायकोच्या ऑफिसातली एकही बातमी त्याला कधी घरात मिळाली नाही.

शनिवारी ती एसटीने कुडाळच्या बाजूच्या एका लॉ कॉलेजात शिकवायला जाते. विषय व्यावसायिक नीतिमत्ता. मुलांना तो परीक्षेपुरता वाटतो. जॅनेटला मात्र तो विषय मनापासून आवडायचा, कारण त्यात सगळं स्पष्ट असतं असं तिला वाटायचं. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय फोडायचं नाही. कोर्टाची दिशाभूल करायची नाही. ज्यांचे हितसंबंध एकमेकांना आडवे जातात अशा दोघांची बाजू एकाच वकिलाने घ्यायची नाही. या तीन गोष्टी ती न अडखळता सांगायची.

मग सिद्धेश आला.

सिद्धेश तोंडवलीचा, पंचविशीतला. पर्यटकांना समुद्रात फिरवणारी एक छोटी बोट चालवतो. दुपारी ऑफिसात कोणी नाही असं बघून तो वर आला आणि उभ्यानेच म्हणाला, "माका फक्त इचारूचा आसा. केस-बिस काय नाय."

"बस आधी," जॅनेट म्हणाली.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण संघाचं जाळं कोणीतरी कापलं होतं, ते तिच्या कानावर आलं होतं. रापण म्हणजे पन्नास-साठ माणसांनी दोन्ही टोकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं. मासळी मिळते ती सगळ्यांची. जाळं फाटलं की तितक्या घरांच्या चुली अडतात.

"ता मी कापलंय," सिद्धेश म्हणाला. "माझ्या बोटीच्या वाटेत मुद्दाम जाळा टाकल्यानी. बोटीत टुरिस्ट, लहान पोरां. इंजिनाचो पंखो जाळ्यात अडाकलो, पोरां रडाक लागली. माका राग इलो. दुसऱ्या दिवशी उजाडाच्या आदी जाळा वाळूत सुकत होता, थंय गेलंय आणि कापलंय. बापूस त्याच रापणीत आसा, तेचोपण इचार केलंय नाय."

मग त्याने विचारलं, की हे आपल्यावर आलं तर काय होईल. जॅनेटने कायद्यात काय आहे ते सांगितलं. संघापुढे जाऊन कबूल कर, भरपाई दे, तडजोड होऊ शकते, असंही सांगितलं. तो मान हलवत राहिला. जाताना दारातून म्हणाला, "बाय, कोणाक सांगू नकात."

"तू इथे बोललास ते इथेच राहणार," जॅनेट म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येकाला सांगायची. त्या दिवशीही सवयीनेच सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात सिद्धेशचा बाप तिच्यासमोर येऊन बसला. बाबली साठीला आलेला, बारीक, हात दोरांनी चिरलेले. किनाऱ्यावर वाळूत एक सुरी सापडली होती आणि तिची मूठ त्याने स्वतः कोरलेली होती, गावात सगळे ती ओळखायचे. पोलिसांनी विचारल्यावर बाबली लगेच म्हणाला होता, सुरी माझी, जाळंही मीच कापलं. नोटीस देऊन त्याला घरी सोडलं होतं.

"वकीलबाय, तुमी माझ्या बाजून उभ्या ऱ्हवा," तो म्हणाला. "फक्त कोर्टात सांगा, की तेणा कापल्यान आणि तो कबूल करता. वाढवू नकात."

जॅनेटने विचारलं, "तुमी कित्याक कापलास, बाबलीकाका?"

"रागान."

"कसलो राग?"

"राग तो राग. तेका काय नाव आसता?"

तो तिच्याकडे बघत होता. नजर चुकवत नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. त्याला मुलाचं माहीत असणार, घरातली सुरी मुलाने नेली हे मूठ बघितल्यावर त्याने ओळखलं असणार. की नुसता संशय? की खरंच त्याला वाटतंय की आपण वाचवतोय ते कोणाला कळणार नाही? विचारायची सोय नव्हती. तिने एक प्रश्न जास्त विचारला असता तर त्या प्रश्नातूनच सिद्धेशचं नाव बाहेर पडलं असतं.

"माका दोन दीस इचार करू देत," ती म्हणाली. बाबलीला नवल वाटलं. कबूल करायला कसला विचार?

त्या दोन दिवसांत जॅनेटने स्वतःशीच उलटसुलट वाद घातला. केस घ्यावी, तर कोर्टापुढे एक माणूस खोटी कबुली देणार आणि ते खोटं आहे हे माहीत असून ती शेजारी उभी राहणार. केस सोडावी, तर बाबली शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या वकिलाकडे जाणार, तो बिचारा काही न कळता कबुली लिहून देणार आणि निर्दोष म्हाताऱ्याला शिक्षा. तोंड उघडावं, तर सिद्धेशला दिलेला शब्द मोडला. शिवाय सिद्धेश तिचा अशील होता का? वकालतनामा नाही, फी नाही, नुसतं विचारायला आलेला. पुस्तक म्हणतं, सल्ला मागायला आला तोही अशीलच. पुस्तकाने तिला या आधी कधी इतकं एकटं पाडलं नव्हतं. आपल्या जुन्या सीनियरना फोन करावा असं वाटलं, पण तोंडवलीच्या जाळ्याची बातमी त्यांनीही ऐकलेली. नाव न घेता सांगितलं तरी त्यांना कळलंच असतं.

सिडनीने जेवताना विचारलं, "काय झाला? सार थंड झाला तुझा."

"काय नाय."

शनिवारी तिने वर्गात तो प्रश्न घातला. सगळं बदलून. जाळ्याच्या जागी काजूची बाग केली, समुद्राच्या जागी डोंगर, बाप-लेकाच्या जागी दोन भाऊ. धाकट्याने शेजाऱ्याची कलमं तोडली, वकिलाला सांगितलं. मग मोठा भाऊ त्याच वकिलाकडे आला आणि म्हणाला, मीच तोडली. वकिलाने काय करावं?

मुलं एकदम जागी झाली. एकजण म्हणाला, गुपित ते गुपित, वकिलाने गप्प बसायचं. दुसरी म्हणाली, निर्दोष माणूस आत जात असेल तर कसलं गुपित? तिसऱ्याने विचारलं, मोठ्या भावाला स्वतःच आत जायचं असेल तर वकील कोण अडवणारा? जॅनेट फळ्यापाशी उभी राहून ऐकत होती. प्रत्येकाचं बोलणं संपेपर्यंत तिला ते पटायचं.

तास संपल्यावर ती स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत असताना नम्रता शेजारी येऊन उभी राहिली. तोंडवलीच्या पलीकडच्या गावातली, शेवटच्या वर्षाची हुशार मुलगी.  मग वर्गातलं मराठी सोडून हळूच म्हणाली, "मॅडम, ती काजूची बाग न्हय. ता रापणीचा जाळा. बाबलीकाकाचा. होय ना?"

 नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर विश्वासघात. जॅनेट नुसती बघत राहिली.

"समाजला," नम्रता म्हणाली. "मी कोणाक सांगूचंय नाय."

गाडी आली. खिडकीशी बसून जॅनेट विचार करत राहिली, की आपण नक्की काय केलं. एक शब्द बोललो नाही. पण गप्प राहणं हेच उत्तर झालं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे सगळं ती नीतिमत्ता शिकवत असताना झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर ती चर्चमधून थेट तोंडवलीला गेली. आधी बाबलीकडे. तो अंगणात होता. बायको यशोदा चहा ठेवायला आत गेली.

"बाबलीकाका, तुमची केस माका घेवक जमाची नाय," जॅनेटने सांगितलं. "दुसऱ्या कोणाक तरी धरा. पण कबूल करण्याआधी तेच्याशी सगळा खरा बोला."

"माझा काय चुकला?"

"तुमचा काय एक चुकला नाय. कारण माका सांगूक येणा नाय."

 तिच्या चेहऱ्यावरून बाबलीची नजर हळूहळू किनाऱ्याकडे, सुरूच्या झाडांपलीकडे लागलेल्या मुलाच्या बोटीकडे गेली.

"सिद्धेश इल्लो काय तुमच्याकडे?"

जॅनेट काही बोलली नाही. पुन्हा तेच. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरा."

चहा न घेताच ती उठली आणि किनाऱ्यावर गेली. सिद्धेश बोट धूत होता. तिने त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. वर्गातला प्रश्न, ती मुलगी ओळखून गेली ते, त्याच्या बापाने आत्ताच काय विचारलं ते.

"माझी चूक झाली, सिद्धेश. तुका हवा असात तर माझ्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार कर. कशी करूची ता मी सांगतंय."

सिद्धेशला काही उमजेना. "तक्रार कित्याक? तुमी कोणाक सांगलास तर नाय."

"सांगल्यासारखाच झाला."

"मगे माका आता काय करूचा?"

"ता मी सांगू शकत नाय. तुझ्या बापाशीचा माझ्याकडे बोलणा झाला आसा, आता तुका सल्लो देवचो तरी कसो? तू दुसरो वकील बघ. एवढाच सांगतंय, माझ्या तोंडाक तू घातलेली गाठ आसा. ती सोडूक तुझी परवानगी लागतली. तुझ्या तोंडाक मात्र कोणी गाठ घातलेली नाय."

तो ऐकून परत बोट धुवायला लागला. जॅनेट रिक्षाने मालवणला परतली. आपण शेवटी दिला तो सल्लाच होता की नव्हता, हे तिला रिक्षात बसूनही ठरवता येईना.

त्यानंतर देवळासमोर रापण संघाची बैठक झाली आणि सिद्धेशने उभं राहून सांगितलं, की जाळं मी कापलं. बाबली ओरडला, "खोटा बोलता तो! मी कापलंय!" बापलेक सगळ्या गावासमोर गुन्ह्यावरून भांडले. एक हसला, मग बाकीचे हसले, आणि त्या हसण्यात राग बराच निवला असं लोक सांगतात. सिद्धेशने जाळं दुरुस्त करून द्यायचं आणि हंगामभर रापण ओढायला यायचं ठरलं. फिर्याद देणाऱ्या संघाच्या प्रमुखाने दुसऱ्या वकिलामार्फत कोर्टात तडजोडीचा अर्ज दिला. मॅजिस्ट्रेटने तो मंजूर केला.

जॅनेटने कॉलेजच्या प्राचार्यांना घडलेलं सांगितलं, नावं न घेता, आणि विषय दुसऱ्या कोणाला द्या म्हणाली. प्राचार्य म्हणाले, चालू ठेवा, आता तुम्हीच चांगला शिकवाल. याचं तिला काही बरं वाटलं नाही.

एक गोष्ट तिला समजून घ्यायची होती. सिद्धेश बोलला तो स्वतःच्या मनाने, की नम्रताकडून गावात कुणकुण पोचली होती म्हणून, की बापाने काही विचारलं म्हणून? म्हणजे तिच्या गप्प राहण्याने न्याय झाला, की तिच्या चुकीने? नम्रताला विचारलं तर ती शपथेवर म्हणाली, मी कोणाकडे बोलले नाही. सिद्धेश जेटीवर भेटला तेव्हा त्याला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "काय म्हायत. त्या दिवशी उठान उभो ऱ्हवलंय खरो. कित्याक ता माझा माकाच कळला नाय."

पावसाळ्यानंतर एकदा मासळी बाजारात बाबली समोर आला. तिला वाटलं तोंड फिरवील. त्याने फिरवलं नाही, हसलाही नाही.

"वकीलबाय, तुमी माका वाचवलास काय माझ्या झिलाक अडकवलास, ह्या माका अजून समाजला नाय."

"माकापण नाय, बाबलीकाका."

 मग बाबली पाटीतले बांगडे बघून म्हणाला, ह्यांचे डोळे बघा, कालचे आसत, आज घेव नकात. आणि गर्दीत निघून गेला. जॅनेटने बांगडे घेतले नाहीत. थोडी सुंगटां, म्हणजे कोळंबी, घेतली आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून चढण चढायला लागली.