काळ्या पडद्यापुढचा माणूस

हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना आहे आणि त्यात डोळे आखायचं काम माझं. माती, साचे, रंग घरातले सगळे करतात. आखणी मात्र एकाच हाताची लागते, नाहीतर एकाच ओळीतला एक गणपती रागावलेला दिसतो आणि शेजारचा पेंगुळलेला. तीस वर्षं तो हात माझा आहे. मला त्याचा गर्व आहे, उगाच नम्रपणा कशाला!

गेल्या वर्षी ऐन गणपतीत हा उजवा हात हलायला लागला. ब्रश धरला की शांत. मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आपला बोटावर फिरत राहायचा. सासूबाईंनी काम शिकवताना बजावलं होतं, "आखणाराचा हात थंड पडू द्यायचा नाय गो." म्हणून दोन मूर्तींच्या मधल्या वेळातही मी ब्रश खाली ठेवत नाही. ती सवय आता लपवायला कामी आली. कारखान्यात ब्रश, घरी लसूण सोलायची, एसटीत पिशवीचा बंद. हात रिकामा कोणाला दिसूच दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! नवऱ्यालाही बोलले नाही, कारण त्यांनी सगळ्यात आधी माझा ब्रश काढून घेतला असता.

मध्ये एकदा एकटीच पेणला डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी कागदावर जिलबीसारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. रेघ काढायला, आणि मला! करंगळी टेकवली, श्वास धरला आणि एका दमात काढून दिली. "हात तर माझ्यापेक्षा स्थिर आहे तुमचा," डॉक्टर हसले. "वयाचं असेल, पण लक्ष ठेवा." बाकी सगळा वेळ माझी मूठ पिशवीवर घट्ट होती. खुशीत मी पोह्यांचे पापड घेऊन घरी आले.

यंदा वैशाखात आम्ही दोघं रोह्याला बहिणीकडे गेलो होतो. तिची मुलगी फिजिओथेरपी शिकवते. ती लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होती, मी शेजारी जाऊन बसले. पडद्यावर एक जुनी मुकी फिल्म चालू होती. काळ्या पडद्यापुढे एक उघडा माणूस, कमरेला एवढंसं फडकं. शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर विद्यार्थ्यांना आजार दाखवायला अशा फिल्मा काढून ठेवत, भाची म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

"नाव नसतं मावशी. आजाराचं तेवढं लिहितात."

तो माणूस तुरुतुरु पावलं टाकत चालला. कडेने कोणाचा तरी हात आला आणि त्याला धरून वळवून गेला. मग त्याला खुर्चीवर बसवलं. हात गुडघ्यांवर. आणि त्याचा अंगठा बोटावर फिरायला लागला, शाडूची बारीक गोळी वळावी तसा. पदराखाली माझा हात त्याच लयीत चालला होता.

सवयीने मी त्याचे डोळे बघितले. तो समोर बघतच नव्हता. बाजूला, फिल्मच्या बाहेर, कोणाकडे तरी बघत होता आणि ओशाळला होता.

"काम करतानाही हलतो का गं याचा हात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिथेच तर फसगत होते. हात कामात असला की कंप थांबतो, मोकळा सोडला की दिसतो. म्हणून आम्ही आधी मोकळा हात बघतो."

मला ती जिलबी आठवली. डॉक्टरांना मी माझा कामाचा हात दाखवून आले होते, आजाराचा घरी परत घेऊन आले होते. आषाढात कारखान्यात शेकडो मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या असतात, त्या सगळ्या माझ्याकडे तोंड करून उभ्या आहेत असं वाटलं. त्यांचे डोळे आता कोण आखणार? आणि मी कुठे बसणार, कोपऱ्यात, हात मांडीवर घेऊन?

मी टेबलावरचं पेन उचललं. भाचीने माझ्याकडे बघितलं, मग पेनाकडे. पोरगी हुशार आहे.

"मावशी, पेन ठेव. हात मांडीवर ठेव, मोकळा."

"काय झालंय माझ्या हाताला?"

"काही नसेल तर ठेव ना."

ठेवला. तिने फोन काढून कॅमेरा माझ्या हातावर धरला. "माझ्या मुंबईच्या सरांना दाखवते. हलू नको, बोलू नको." अंगठा फिरायला लागला. दुसऱ्या हाताने तो दाबून धरावा असं फार वाटलं, पण ती मानेनेच नको म्हणाली.

तेवढ्यात ओटीवर पेपर वाचत बसलेला माझा नवरा चहासाठी आत आला आणि दारातच थांबला. मी हाताकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. तो उघडा माणूस कोणाकडे बघत असेल ते मला तेव्हा कळलं. त्याचंही कोणीतरी तिथे उभं असणार.

"कवापासून गो?" त्यांनी विचारलं.

"गेल्या गणपतीपासून," मी म्हटलं, आणि हात झाकला नाही.